गाइडची मागची बाजू

तुळसाबाई गेली त्या दिवशी देवाजी सकाळपासून तिच्यावर चिडलेला होता.

ती भावाकडे भिवापूरला गेली होती, वर्षाची मिरची आणायला. दोन दिवसांत येते म्हणाली आणि चौथा दिवस उजाडला तरी तिचा पत्ता नव्हता. इकडे नंदनवन वस्तीतल्या एका नव्या घराच्या दारांचे सहा पल्ले करून द्यायचे होते. देवाजीनं दहापर्यंत वाट पाहिली, मग शर्ट खिळ्याला अडकवला आणि एकट्यानंच लाकूड चिरायची मशीन सुरू केली.

पहिली पट्टी चिरली. सुरुवातीला दोन इंच, शेवटाला दोन इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पल्ल्याच्या पट्टीत दोन सुतांचा फरक म्हणजे ती पट्टी चुलीत घालायची. दुसरी चिरली, तीही तशीच शेवटाला रुंद झाली. तिसरीही. बावीस वर्षं या मशीनवर सरळ चीर मारणारा माणूस हातातल्या पट्टीकडे पाहत राहिला. लाकूडच वाकडं असेल, असं तो म्हणाला. मग म्हणाला, माणूस वेळेवर घरी नसला की असंच होते. मशीनच्या आवाजात खिळ्यावरच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजत होता, तो त्याला ऐकू आला नाही.

एक वाजता त्यानं मशीन बंद केली. फोन पाहिला तर बापूजीचे अकरा कॉल. बापूजी म्हणजे तुळसाबाईचा धाकटा भाऊ. आता आठवण आली, बसू दे वाट पाहत, असं म्हणून देवाजी आधी जेवला. स्वतःच शिजवलेला वरणभात सावकाश खाल्ला, ताट धुतलं, आणि मग फोन लावला.

"बापूजी, तुह्या बहिणीले सांग," तो म्हणाला, "पल्ले तूच येऊन चिर म्हणा आता. मी काही हात लावत नाही."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकून राहिला का गा?"

"भाऊजी," बापूजी म्हणाला, "ताई राहिली नाही."

अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. साडेदहाला.

म्हणजे पहिल्या पट्टीच्या वेळी. देवाजीनं तो हिशेब पुढं कितीदा तरी केला. पट्टी चिरताना ती गेली, आणि जेवताना तिला जाऊन अडीच तास झाले होते, आणि आपण ताट धूत होतो.

तिला आणलं त्या गाडीत तिच्या पायाशी मिरचीचं पोतंही होतं. बापूजीला दुसरं काही सुचलं नव्हतं. ताईनं निवडलेली मिरची, ती ताईच्या घरीच गेली पाहिजे, एवढंच तो म्हणत होता.

भंतेजी आले, वंदना झाली, सगळं रीतीप्रमाणं झालं. पुण्याहून मुलगा प्रशिक आणि सून मेघा आले. पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत घर भरलेलं होतं. शेजारच्या सिंधूताईंनी मिरची कांडून आणून डब्यांत भरून दिली. मग एकेक करत माणसं गेली आणि मुलगा-सून निघायच्या आदल्या दिवशी प्रशिकनं विषय काढला.

"बाबा, तुम्ही एकटे इथं काय करसान? मशीन विकून टाका अन् पुण्याले चला आमच्याकडं."

"तुह्या मायचं कपाट करतो," देवाजी म्हणाला. "मंग पाहू."

"कपाट तिथं विकत घेऊ ना. हजार मिळतात."

 मेघानं नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं.

कपाटाची गोष्ट अशी होती. तुळसाबाई दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची आणि तिथल्या दुकानांतून एक पुस्तक आणायची. एकच, पण दर वर्षी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात एक वर्ष प्रशिकच्या जन्माचं आणि एक घरात कोंडून राहायच्या साथीचं सोडलं तर बाकी एकही चुकलं नाही. बत्तीस पुस्तकं. देवाजी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षराला अक्षर जोडून वाचणारा. दुपारी तो रंधा मारायचा आणि ती उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायची. रंध्याचा आवाज झाला की थांबायची, थांबला की पुढं वाचायची. ही बत्तीस पुस्तकं राहायची कुठं, तर संत्र्याच्या दोन लाकडी पेट्यांत.

"लोकाईच्या घरी पल्ले," ती म्हणायची, "अन् सुताराच्या घरी संत्र्याच्या पेट्या."

"करतो ना वं. सागवान मिळू दे."

सागवान सात वर्षांपूर्वी मिळालं. धरमपेठेतला एक जुना बंगला पाडला, तिथं देवाजीनं काम केलं होतं. मालकानं जाताना चार फळ्या दिल्या. आठ-आठ फूट, गाठ नाही, चीर नाही, असं लाकूड आता पाहायला मिळत नाही. तुळसाबाईनं त्या स्वतः पुसून पलंगाखाली सरकवल्या. कपाटाला नेमक्या चार पुरतात. एक जरी वाया गेली तर कपाट नाही. आज करू, उद्या करू, लोकांचं काम आधी, यात सात वर्षं गेली.

मुलगा-सून गेल्यावर देवाजीनं मशीन पुसली, साधं लाकूड घेतलं आणि हात बसवायला म्हणून एक पट्टी चिरली. शेवटाला दोन सूत जास्त. ब्लेड बदललं. पुन्हा तेच. गाइड सोडून परत आवळली. पुन्हा तेच. मशीनच्या टेबलावर जी उभी लोखंडी पट्टी असते, जिला फळी टेकवून पुढं ढकलायची असते, तिला गाइड म्हणतात. गाइड आणि ब्लेड एकमेकांना समांतर असले तर चीर सरळ येते. एवढं तर देवाजीला झोपेतही ठाऊक होतं. त्यानं पुढच्या टोकाशी टेप लावला, माप बरोबर होतं. मागच्या टोकाशी लावला, तिथंही बरोबर. आणि तरी चीर वाकडी.

तीन दिवस त्यानं हेच केलं. सागवानाला हात लावायची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी त्यानं ताराचंदला बोलावलं.

ताराचंद मशीन दुरुस्त करणारा. ही मशीनही बावीस वर्षांपूर्वी त्यानंच जोडून दिलेली, जुनी मोटर, पत्र्याचं टेबल आणि लोखंडी अँगलची गाइड. तोंड सतत चालू असणारा माणूस. तो आला, चहा मागितला, चहा करणारं आता कोणी नाही हे लक्षात आल्यावर एकदम चूप झाला, आणि मग उगाच जास्तच बोलायला लागला.

"काय म्हणते तुही म्हातारी मशीन?"

"चीर धरून नाही राहिली."

ताराचंद मशीनच्या मागं गेला. गाइडचं मागचं टोक दोन बोटांनी ढकललं. ते हललं.

"अबे, हे तं नाचून राहिली गा!"

"नाचते कशी? पुढून आवळली आहे ना मी."

"पुढून आवळली. मागून काय? मागचा शिकंजा कुठं आहे?"

गाइडचं मागचं टोक टेबलाशी आवळणारा शिकंजा तुटून सोळा वर्षं झाली होती. देवाजी ते विसरून गेला होता. त्याच्याशिवाय काम चालतच होतं.

"सोळा वर्षं अशीच आहे," तो म्हणाला. "सरळ चिरत होती."

"ही? फळीचा दाब आला की मागून उघडते ही. ही सरळ चिरत असन तं मी जर्मनीचा इंजिनेर!"

"ताराचंद, अख्ख्या नंदनवनात विचार. माह्यासारखी चीर कोणाची नव्हती."

"बरं बाबा, नव्हती." ताराचंदनं पाना घेतला, पुढचा बोल्ट सोडला आणि अँगल उचलून उजेडात आणला. "पाहू तं दे, वाकली-बिकली आहे का."

अँगल वाकलेला नव्हता. वरच्या कडेला सगळीकडे गंज होता, तांबूस, खरखरीत, इकडून तिकडे. फक्त मागच्या टोकाशी, बाहेरच्या अंगाला, चार बोटं रुंद जागा स्वच्छ होती. स्वच्छ म्हणजे चकचकीत. घासून घासून ताटासारखी झालेली.

दोघंही त्या जागेकडे पाहत उभे राहिले. देवाजीला लगेच समजलं नाही. ताराचंदला समजलं.

"वहिनीचा हात," तो म्हणाला.

काम असं चालायचं. देवाजी पुढं उभा राहून फळी ढकलायचा. मशीनच्या मागं, घडी घातलेल्या पोत्यावर तुळसाबाई उभी असायची, चिरून येणारी फळी डाव्या हातानं धरायची. उजवा हात तिचा कुठं असायचा, हे देवाजीनं कधी पाहिलं नव्हतं. चिरताना नजर ब्लेडवरून हलवायची नसते. तिच्या उजव्या तळव्यावर, मनगटाजवळ, एक जाड घट्टा होता. तो कपडे आपटून झाला असेल, असं त्याला वाटायचं. कपडे तर ती दोन्ही हातांनी आपटायची.

मग त्याला आठवलं. शिकंजा तुटला त्या सुमाराची गोष्ट. ती म्हणाली होती, "अजी, हे मागून हालते."

आणि तो म्हणाला होता, "तू फळी धर. मशीनचं मले समजते."

त्यानंतर ती काही बोलली नाही. मागून दाबून धरत राहिली. आणि तो गावभर सांगत राहिला की चीर पाहावी तर देवाजीची.

"मले म्हणाली होती ती एकदा," ताराचंद म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "रस्त्यात भेटली होती. म्हणे भाऊ, ते घरी नसले का येऊन मागचा शिकंजा लावून द्या. मी म्हटलं देवाजीलेच सांगतो ना. तं म्हणे, त्याईले नका सांगू, त्याईले वाईट वाटते."

"मंग?"

"मंग काय. राहून गेलं गा."

देवाजीनं अँगल त्याच्या हातातून घेतला.

"नवा शिकंजा वेल्ड करून देतो मी," ताराचंद म्हणाला. "आजच्या आज. दोन टाके मारले का झालं."

"नको."

"काहून?"

"याले काही लावाचं नाही आता."

त्या रविवारी मेघाचा फोन आला तेव्हा देवाजीनं तिला सगळं सांगितलं. मुलाला सांगितलं नसतं. सुनेला का सांगितलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, टेबलाची लांबी-रुंदी मोजून सांगा मला." आठ दिवसांनी एक लांबलचक खोकं दाराशी आलं. नवी गाइड, पुढून आणि मागून दोन्हीकडे आवळणारी.

"यांना सांगू नका हं," मेघा फोनवर म्हणाली. "हे मशीनसाठी गिऱ्हाईक बघतायत आणि मी तिला नवं सामान घेऊन देतेय."

"मी कायले सांगतो. तूच झोपेत बडबडू नको म्हणजे झालं."

कितीतरी दिवसांनी देवाजी असं काही बोलला होता. मेघा हसली.

सोबतचा कागद इंग्रजीत होता. मेघानं फोनच्या कॅमेऱ्यातून तो वाचून दाखवला. पुढच्या कडेला एक लांब पट्टी, मागच्या कडेला एक. त्यावर गाइड सरकते. खटका दाबला की दोन्ही टोकांना घट्ट बसते. देवाजीनं टेबलाच्या कडेला खुणा केल्या, ड्रिलनं भोकं पाडली. मे महिना होता, पत्रा हाताला भाजत होता. पुढची पट्टी बसवायला अर्धा तास लागला. मागची बसवायला मशीनच्या मागं जावं लागलं.

तिथं ते पोतं होतं. चार घड्यांचं, मध्ये दोन खळगे पडलेलं, तिच्या दोन पायांचे. देवाजी पोत्याच्या कडेला, उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि तसाच वाकून त्यानं मागचे बोल्ट लावले.

"बाबा, गुडघे दुखतील. खाली काहीतरी घ्या ना," मेघा म्हणाली. तिला फोनमधून पोतं दिसत असावं.

"राहू दे."

सगळं बसल्यावर एक वायसर, बोल्टखाली घालायची चकती, उरलं. मेघानं कागद उलटसुलट करून पाहायला लावला, पण ते कुठलं हे कळेना.

"असू द्या, जास्तीचं दिलं असेल."

"जास्तीचं कोणी काही देत नाही, बाई," देवाजी म्हणाला, आणि एकेक बोल्ट पुन्हा तपासला. मागच्या पट्टीच्या कोपऱ्यातला एक वायसरशिवाय लागला होता. तो सोडून, वायसर घालून त्यानं नीट आवळला.

मग मेघानं फोन ठेवला आणि खरं काम सुरू झालं. गाइड बसवणं एक आणि सरळ करणं दुसरं. देवाजीनं मोटरची पिन काढली. ब्लेडच्या एका दाताला खडूनं खूण केली. तो दात पुढं आणून त्या दातापासून गाइडपर्यंत मोजलं. मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागं नेला आणि पुन्हा मोजलं. दात तोच हवा, कारण दुसरा दात केसभर कमीजास्त असतो. मागं अर्धा सूत कमी भरलं. बोल्ट थोडे सैल केले, लाकडी ठोकळ्यानं हलकं ठोकलं. आता अर्धा सूत जास्त. पुन्हा ठोकलं. मग गुण्या लावून गाइड टेबलाशी काटकोनात उभी आहे का ते पाहिलं.

अशी सकाळ गेली. पुढून मोजायचं, उठून मागं जायचं, मागून मोजायचं, परत पुढं यायचं. दोघं असते तर एकानं पुढून टेप धरला असता, दुसऱ्यानं मागून माप ओरडून सांगितलं असतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्याच्या लक्षात आलं की पुढं येताना आपण दर वेळी पोत्याला वळसा घालून येतोय.

शेवटी दोन्हीकडचं माप एक झालं. मग त्यानं प्रशिकच्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा घेतला आणि मागचं टोक तेवढ्या कागदाच्या जाडीनं मोकळं केलं. एवढी जागा मागं ठेवावी लागते. नाहीतर फळी ब्लेड आणि गाइडच्या मधे आवळली जाते आणि उलटी अंगावर येते. बोल्ट आवळले. खटका दाबला. मागचं टोक हातानं ढकलून पाहिलं. आधी दोन बोटांनी, मग तळव्यानं, मग सगळं अंग टाकून.

हललं नाही.

त्यानं मशीन सुरू केली आणि साध्या लाकडाची तीन फुटी पट्टी चिरली. सुरुवातीला दोन इंच. मधे दोन इंच. शेवटाला दोन इंच. दुसरी चिरली, दोन इंच. तिसरी चिरली आणि तिन्ही एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या, तर मधून उजेड आला नाही.

देवाजीनं मशीन बंद केली. इतकी सरळ चीर या मशीनवर आजवर आली नव्हती. तुळसाबाई असतानाही नाही. ती असताना कधी पाव सूत, कधी त्याहून कमी, पण काहीतरी फरक असायचाच. माणसाचा हात होता तो. आता मागं कुणाची गरज नव्हती. तो तीन पट्ट्या हातात घेऊन पाटावर बसून राहिला आणि चहाची वेळ कधी टळली ते त्याला कळलं नाही.

संध्याकाळी ताराचंद आला. पट्ट्या पाहून म्हणाला, "काय गा, आता तं तू आंधळ्यालेही शिकवशीन." मग भिंतीला टेकवलेल्या जुन्या अँगलकडे पाहून म्हणाला, "हे भंगारात देऊन टाकू?"

"हात नको लावू त्याले."

ताराचंदनं हात मागं घेतला. दोघांनी मिळून पलंगाखालची एक फळी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. आठ फुटांची फळी, टेबल तीन फुटांचं. अर्ध्याहून पुढं गेली की ती मागं कलणार, खाली पडणार, आणि पडताना चीर फाडणार. गाइड सरळ धरते, पण फळी झेलत नाही.

"मी राहतो ना उभा मागं," ताराचंद म्हणाला. "चार फळ्या तं आहेत. घंटाभराचं काम."

"तू नको."

"काहून? मी काय फळी खाऊन टाकीन?"

"म्हटलं ना, नको."

ताराचंदनं त्याच्याकडे पाहिलं. मग पोत्याकडे पाहिलं. "मंग टेकू बनव," तो म्हणाला. "दोन पाय, वर एक लोळता पाइप. तुले काय सांगाचं." आणि चप्पल घालून निघून गेला.

टेकू बनवायला देवाजीला अर्धा तास लागला. दोन पाय, खाली आडवी पट्टी, वर पाइप. उंची टेबलाच्या बरोबर. तो टेकू कुठं ठेवायचा हेही ठरलेलं होतं, टेबलापासून दोन फुटांवर, ब्लेडच्या रेषेत. बरोबर तिथंच पोतं होतं. उचलून भिंतीशी ठेवायचं, एवढंच काम.

रविवारी प्रशिकचा फोन आला.

"बाबा, गिऱ्हाईक मिळून राहिलं मशीनले. कपाट झालं का?"

"गाइड बसली."

"कोणती गाइड?"

पलीकडे मेघा खोकली.

"तीच आपली," देवाजी म्हणाला. "आवळली."

"अन् कपाट?"

"होईन. फळ्या चिरून राहिलो."

हे खरं नव्हतं. फोन ठेवल्यावर देवाजीनं जुन्या अँगलवरून तेलाचं फडकं फिरवलं, त्या चार बोटांच्या जागेवरून दोनदा, गंज धरू नये म्हणून. हे तो आता रोज करतो. मशीन पुसतो, नवी गाइड ढकलून पाहतो, ती हलत नाही. पुस्तकं संत्र्याच्या पेट्यांत आहेत. टेकू तयार होऊन दाराशी उभा आहे. पोतं तिथून उचललेलं नाही, आणि चारही फळ्या चिरायच्या राहिल्या आहेत.